इथे पूर, वर पाऊस : जहाजावरचा वायरमन आणि अ‍ॅस्बेस्टॉस

मंडळी, विषय आरमाराच्या जहाजांचा आहे आणि आपण बसलोय रावेरात, केळीच्या मुलखात. पण आयटीआय करून मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात किंवा माझगाव गोदीत लागलेला आणि पेन्शनीत निघून गावी परतलेला एखादा काका-मामा खानदेशात पुष्कळांच्या नात्यात निघेल. आम्ही आज बोलणार ते त्याच्यासाठी.

वाफेवर चालणाऱ्या जुन्या युद्धनौकेच्या बॉयलर रूममध्ये साधं रबर कडक होऊन तडकायचं, आणि आग लागली तर ती केबलवरूनच पुढच्या दालनात पोचायची. म्हणून तांब्याच्या तारेभोवती अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंचा थर द्यायचे, वरून धातूची विणलेली जाळी. ग्रीक भाषेत अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे न विझणारं. दुसऱ्या महायुद्धापासून १९७० च्या दशकापर्यंत जहाजांत अशा केबली पडत होत्या.

थर अखंड आहे तोवर फारसा धोका नाही. पण वायरमनचं कामच थर फोडण्याचं. जोड द्यायचा तर जाळी कापायची, चाकूनं थर सोलायचा, तार खरवडून स्वच्छ करायची. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ठिसूळ झालेली केबल उपसून काढताना तर त्याचा भुगाच होतो. त्यातले तंतू डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. कोंदट दालनात ते तासन्‌तास तरंगतात, फुप्फुसात जातात आणि तिथेच रुततात. शिवाय केबली जातात तिथूनच वाफेचे पाइप, त्यांच्यावरही अ‍ॅस्बेस्टॉसचंच वेष्टण. शेजारचा कामगार ते फोडत असेल तर ती धूळही वायरमनच्याच छातीत.

आणि रोग दिसतो २० ते ५० वर्षांनी! आमचा विषय, तत्त्वज्ञान, तो इथे सुरू होतो. कारण आणि कार्य यांत एवढं अंतर असेल, तर ‘त्यामुळेच हे झालं’ असं कशाच्या बळावर म्हणायचं?

न्यायदर्शनात कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या अनुमानाला ‘शेषवत्’ म्हणतात, आणि वात्स्यायनाने त्याला उदाहरण दिलंय नदीच्या पुराचं. आपल्याला ते शिकवायला नको. इथे आभाळ कोरडं असतं, तापी फुगते, आणि आपण म्हणतो, वर बैतूल-बऱ्हाणपूरकडे पाऊस झाला. त्यावरचा आक्षेपही न्यायसूत्रांतच आहे: पाणी अडलं तरी नदी फुगते, मग पावसाचं अनुमान टिकणार कसं? हतनूर धरणाचा फुगवटा पाहिलेल्या माणसाला हा आक्षेप चटकन कळेल. उत्तर असं की नुसतं चढलेलं पाणी पाहू नका. ओढ बघा, फेस बघा, वाहून येणारी पानं, फळं, लाकडं बघा.

मेसोथेलिओमा, म्हणजे बहुतेकदा फुप्फुसाच्या आवरणाचा होणारा कॅन्सर, हा लाकडं घेऊन येणारा पूर आहे. १९६० साली वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतले ३३ रुग्ण मांडले. एक सोडून बाकी साऱ्यांचा धागा अ‍ॅस्बेस्टॉसपर्यंत पोचला. १९६५ च्या लंडनमधल्या अभ्यासात तर कामगारांचे कपडे धुणाऱ्या घरच्या बायकाही निघाल्या. एरवी हा रोग इतका दुर्मीळ की तो दिसला तर आधी अ‍ॅस्बेस्टॉसच शोधावा.

फुप्फुसाचा कॅन्सर मात्र हतनूरच्या फुगवट्यासारखा. तो विडीनेही होतो. अ‍ॅस्बेस्टॉस आणि विडी एकत्र आले तर धोका नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढतो. म्हणजे ‘विडी ओढायचा, त्यानेच झालं’ म्हणून फाइल बंद करणं हा आळशी तर्क झाला. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात.

मग पुरातली लाकडं कुठून आणायची? नोंदींतून. सुप्रीम कोर्टाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांना बजावलं, की कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतलं जे उशिरा येईल तोवर जपा. रोगाची चाल ओळखून केलेला हा हिशेब, तरी शेवटच्या वर्षांत धूळ खाल्लेल्यासाठी ते १५ आम्हाला तोकडे वाटतात. आणि जहाजावरचा वायरमन अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यातला नव्हेच. त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं ‘इलेक्ट्रिशियन’. केबलीत काय होतं, ते कागद सांगत नाही. जहाजं तरी कुठे उरतात? जुनी ‘विक्रांत’ २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखान्यात तोडायला घेतली. फ्रान्सची ‘क्लेमान्सो’ अलंगला तोडायला निघाली होती, ती अ‍ॅस्बेस्टॉसवरून एवढा गदारोळ झाला म्हणून फेब्रुवारी २००६ मध्ये माघारी बोलावली गेली.

छातीत पाणी झालं की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा, आणि पुष्कळदा तो बरोबरही ठरतो. डॉक्टर विचारतात, काय करता? काका म्हणतात, केळीची शेती. चाळीस वर्षांपूर्वीचं जहाज त्या उत्तरात येत नाही. तेव्हा काकांना एक वही द्या. कोणत्या जहाजावर, कोणत्या साली, बॉयलर रूममध्ये की दुसरीकडे. जुनी केबल काढली की नवी ओढली. शेजारी पाइपांचं काम चालू होतं का. जोडीला कोण होतं. जोडीदार हयात असेल तर त्याला फोन करून साल पक्कं करा, आणि डॉक्टरांकडे जाताना वही बरोबर न्या.