एकरात १७ कलमं जास्त : रांगोळीच्या ठिपक्यांचं गणित वावरात

वाशीम : दोन झाडांतलं अंतर तेवढंच, जमीनही तेवढीच. तरी एका मांडणीत एकरी संत्र्याची ११२ कलमं बसतात आणि दुसरीत १२९. हा फरक वाणाचा नाही की खताचा नाही, नुसत्या मांडणीचा आहे. आणि ही दुसरी मांडणी जिल्ह्यातल्या बायांना कोणी शिकवायची गरज नाही. दिवाळीत अंगणात ती रोज पडते.

ठिपक्यांची रांगोळी दोन तऱ्हेची असते. एक सरळ ठिपक्यांची, म्हणजे १५ ओळी आणि प्रत्येक ओळीत १५ ठिपके, एकाखाली एक. दुसरी '१५ ते ८'ची. हिच्यात मधली ओळ १५ ची, तिच्या वर-खाली १४, मग १३, असं करत ८ पर्यंत यायचं. पुढच्या ओळीचा ठिपका मागच्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्ये पडतो. सगळे मिळून १६९ ठिपके होतात आणि बाहेरचा आकार षटकोनी येतो. पहिल्या रांगोळीतले चार-चार ठिपके जोडले की चौकोन मिळतात, दुसरीतले तीन-तीन जोडले की त्रिकोण. दोन्हीकडे अंगण पूर्ण भरतं, कुठे फट राहत नाही, एकावर एक चढत नाही. गणितात अशा भरणीला 'टेसेलेशन' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लहान फरशी असा आहे.

आता हेच वावरात पाहू. संत्र्याला साधारण ६ बाय ६ मीटर अंतर धरतात. ही झाली चौफुली. कपाशीत दोन्ही बाजूंनी डवरा फिरावा म्हणून जी चौफुली पाडतात, तीच. एका झाडाला ३६ चौरस मीटर जागा जाते. पण या मांडणीत चार झाडांच्या मधोमध बरीच जागा मोकळी राहते, कारण समोरासमोरचं झाड ६ मीटरवर असलं तरी तिरकं झाड साडेआठ मीटरवर जातं. झाडांचे घेर एकमेकांना टेकेपर्यंत वाढले, तरी चौफुलीत जमिनीचा १०० पैकी ७८ भागच झाकला जातो. '१५ ते ८'च्या मांडणीत तोच आकडा ९० वर जातो.

या मांडणीला फळबागेच्या पुस्तकात षटकोन पद्धत म्हणतात. प्रत्येक झाडाभोवती सहा झाडं आणि सहाही ६ मीटरवर. ओळीतलं अंतर ६ मीटरच राहतं, पण दोन ओळी मात्र ५ मीटर २० सेंटिमीटरवर येतात. म्हणून एका झाडाला ३१ चौरस मीटरच्या थोडी वर जागा लागते आणि त्याच जमिनीत साधारण १५ टक्के झाडं जास्त बसतात. हेक्टरी २७७ च्या जागी ३२०.

आखणी अवघड नाही. पहिल्या ओळीच्या खुंट्या ६-६ मीटरवर ठोकायच्या. ६ मीटरच्या दोन दोऱ्या घेऊन शेजारच्या दोन खुंट्यांना एक-एक बांधायची. दोन्ही दोऱ्या ताणून टोकं जिथे मिळतील तिथे तिसरी खुंटी. पुढची सगळी ओळ अशीच. कोन मोजायला काही लागत नाही.

इथे एक गफलत होते. काही जण एकाआड एक ओळ अर्ध्या अंतराने सरकवतात, पण ओळींतलं अंतर ६ मीटरच ठेवतात. दिसायला ते तिरपं दिसतं, मात्र झाड एकही वाढत नाही. फायदा ओळी जवळ आणल्याने होतो, सरकवल्याने नाही.

खर्चाची बाजूही धरली पाहिजे. ओळी जवळ आल्या की ठिबकची नळी एकरी सुमारे १०० मीटर जास्त लागते. खड्डे, कलमं, पाणी, सगळं १७ झाडांचं वाढीव. ओळींमधल्या आंतरपिकाची जागा आणि ट्रॅक्टरची वाट दोन्ही थोडी आखडतात. शिवाय धुऱ्याजवळ एकाआड एक ओळ अर्ध्या अंतराने आत सुरू होते, तिथे काही झाडं कमी होतात. चार-पाच एकरांच्या सलग तुकड्याला हे जमतं. दहा-पंधरा गुंठ्यांच्या अरुंद पट्टीला या भानगडीत पडण्यात अर्थ नाही.

त्रिकोण, चौकोन, षटकोन जमतात, मग पंचकोन का जमत नाही? उत्तर एका बिंदूभोवती आहे. कोणत्याही बिंदूभोवतीचा पूर्ण फेरा ३६० अंशांचा. समभुज त्रिकोणाचा कोन ६० चा, सहा बसतात. चौरसाचा ९० चा, चार बसतात. षटकोनाचा १२० चा, तीन बसतात. सारख्या बाजूंच्या पंचकोनाचा कोन १०८ चा. तीन ठेवले तर ३२४ होतात आणि ३६ अंशांची फट उरते, चौथा ठेवायला जागा नाही. षटकोनाच्या पुढे तर तीन आकारही एका बिंदूभोवती मावत नाहीत. म्हणून सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेले, एकट्याने जमीन भरणारे आकार जगात तीनच. अष्टकोन एकटा जमत नाही, पण दोन अष्टकोनांचे २७० अंश झाले की उरलेल्या ९० मध्ये छोटा चौरस नेमका बसतो. जुन्या घरांत मोठी अष्टकोनी फरशी आणि मध्ये लहान काळा चौकोन दिसतो, तो या हिशेबाने.

बाजू सारख्या नसल्या तर मात्र गंमत वाढते. कितीही वाकडातिकडा चौकोन घ्या, चारही बाजू वेगळ्या असू द्या, तो जमीन भरतोच. जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून पोरांना करायला लावण्यासारखं आहे. एकसारखे १०-१२ तुकडे कापायचे आणि सारख्या लांबीची बाजू बाजूला लावत, तुकडा अर्धा फिरवून ठेवत जायचं. चार कोनांची बेरीज ३६० असते, म्हणून हे जमतं.

वाकड्या पंचकोनांचा शोध तर एका गृहिणीने पुढे नेला. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या मार्जोरी राइस, पाच लेकरांची आई, शिक्षण शाळेपुरतं. १९७५ साली त्यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांचं गणिताचं सदर वाचलं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर त्या आकृत्या काढत बसायच्या आणि कोणी आलं की झाकून ठेवायच्या. गणिताची चिन्हं येत नव्हती म्हणून स्वतःचीच खुणांची पद्धत बनवली आणि जमीन भरणाऱ्या पंचकोनांचे चार नवे प्रकार शोधले. असे प्रकार आज एकूण १५ माहीत आहेत, पंधरावा २०१५ मध्ये सापडला. याच गार्डनर यांनी १९७५ सालीच याच सदरात देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्यावर लिहिलं होतं, त्यानंतर कापरेकरांचं नाव जगभर गेलं.

गावात हे गणित पायाखाली येतं ते गट्टूंच्या, म्हणजे पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यात. नागमोडी कडांचा गट्टू दिसायला अवघड, पण मुळात तो आयतच. एका बाजूने जेवढा भाग कापला तेवढाच समोरच्या बाजूला जोडलेला, म्हणून शेजाऱ्यात बरोबर अडकतो. साधे २० बाय १० सेंटिमीटरचे गट्टू असतील तर एका चौरस मीटरला ५० लागतात. ते एकाला एक लावून सरळ ओळीत बसवले की सांधा रस्ताभर सरळ जातो, आणि ट्रॅक्टरच्या चाकाने ओळच्या ओळ सरकते. तेच माशाच्या काट्यासारखे आडवे-उभे बसवले तर सलग सांधा कुठेच राहत नाही. चाकाचा रेटा एका गट्टूकडून चार गट्टूंकडे जातो. वाहनांच्या रस्त्याला हीच मांडणी चांगली.

पण आकार कितीही चांगला असला तरी कडेला काँक्रीटची पक्की पट्टी नसेल तर शेवटचा गट्टू बाहेर सरकतो आणि मागचे सुटत जातात. सांध्यात बारीक रेती भरलेली नसेल तरी तेच. ग्रामपंचायतीचं काम पाहायला गेल्यावर या तीन गोष्टी कोणालाही डोळ्याने तपासता येतात : सांधा सरळ जातो का, कडा बांधली का, रेती भरली का. बिल निघायच्या आधी पाहिलेलं बरं.

माणसाने न मांडलेली फरसबंदीही आपल्याकडे आहे. काळी माती वाळली की आकसते आणि एप्रिल-मे महिन्यांत वावराला भेगा पडतात. नव्याने वाळणाऱ्या मातीत एक भेग दुसरीला काटकोनात येऊन मिळते, तुकडे बहुधा चौकोनी निघतात. तीच माती पुन्हापुन्हा भिजली-वाळली की तीन भेगा एका ठिकाणी मिळू लागतात आणि तुकडे षटकोनाकडे झुकतात. लाव्हारस थंड होताना आकसतो, तेव्हाही असंच होतं, फक्त तिथे भेग खोल जाते आणि दगडाचे पाच-सहा बाजूंचे उभे खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल अशा खांबांचीच आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात झरी जामणी तालुक्यातल्या शिबला गावाजवळही असे खांब सापडले आहेत.