पाथेय आणि पथ्य : नंदुरबारकडील शिदोरीचा विचार

‘पाथेय’ आणि ‘पथ्य’ हे दोन्ही शब्द ‘पथिन्’ म्हणजे वाट या एकाच प्रातिपदिकापासून सिद्ध होतात. वाटेवर उपयोगी पडते ते पाथेय (अष्टाध्यायी ४.४.१०४), वाटेपासून ढळत नाही ते पथ्य (४.४.९२). मराठीत पहिला शब्द ग्रांथिक राहिला व त्याचे काम ‘शिदोरी’ने पत्करले, दुसरा आजाऱ्याच्या ताटापुरता उरला. व्युत्पत्तीवरून आहारशास्त्र सिद्ध होत नाही, हे उघड आहे. तथापि वाटेवरचे अन्न प्रकृतीस हितकरही असावे, हा प्रश्न नंदुरबार जिल्ह्यात आजही जिवंत आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. तेथे नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. एकाने तोडावयाचे, दुसऱ्याने मोळ्या बांधावयाच्या, मूल बांधावर. स्वयंपाकास पहाटेपूर्वीचाच काय तो अवकाश. म्हणून अन्न असे हवे, की ते दिवसभर टिकेल, पुन्हा तापवावे लागणार नाही आणि ताटावाचून खाता येईल.

या कसोटीस खानदेशातील कळण्याची भाकरी चांगली उतरते. (अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून तोंडी रूप ‘कयना’ असे ऐकू येते.) ज्वारीत अख्खे काळे उडीद व खडे मीठ घालून ते एकत्र दळतात. प्रमाण घरोघर बदलते. पुष्कळदा चार भाग ज्वारीस एक भाग उडीद असतात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते उडदात भरपूर आहे. उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारी पुरविते. दोन्ही धान्ये एकाच पिठात आल्यामुळे सोबत डाळ शिजविली नाही, तरी हे न्यून बरेचसे भरून निघते. सोबतीस तेल, ठेचा आणि कांदा असला, की जेवण झाले.

दशमीची गोष्ट थोडी निराळी आहे. ती पाण्याऐवजी दुधात मळतात, गोड करावयाची असल्यास त्या दुधात गूळ विरघळवितात. ‘पाणी लागले नाही’ म्हणून ती सोवळ्यात चालते व टिकते, असा जुना समज आहे. सोवळ्याचा भाग सोडून द्यावा. गाईच्या दुधातही ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. दशमी मऊ राहते ती दुधातील स्निग्धांश व गूळ यांमुळे, आणि टिकते ती नीट भाजल्यामुळे. गरम असतानाच फडक्यात बांधली, तर कोंडलेल्या वाफेने ती लवकर बुरसते. पूर्ण निवल्यावरच बांधावी.

सातपुड्यातील अक्कलकुवा व धडगाव भागात याला मोहाची जोड आहे. फाल्गुन-चैत्रात वेचलेली फुले वाळवून ठेवतात. ती भाजून तिळाबरोबर कुटली, की पाकावाचून लाडू वळतात. फुलांतील साखर बांधणीस पुरते, तिळाने स्निग्धांश व चुना मिळतो. मोहाचे नाव निघताच दारूच आठवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

आठवडे बाजारात आता ‘खाऊ’ या शब्दाचा अर्थ आकसला आहे. पूर्वी त्यात गूळ-शेंगदाणे, लाडू, फुटाणे सर्व येत असे. आज मुलाच्या तोंडी तो बहुधा दुकानातील रंगीत पुड्यापुरता असतो. पुडा स्वस्त, हलका व तयार असतो. आईजवळ वेळ नसतो. तिला दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) या जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालकांचे वजन वयाच्या मानाने कमी आढळले आहे, आणि त्या पुड्यात मुख्यत्वे मैदा वा मक्याचे पीठ, तेल, मीठ आणि साखर असते.

दोन वर्षांच्या मुलास ठेच्यासह भाकरी चालत नाही, व त्याचे पोट एका वेळी थोडेच घेते. त्यासाठी पहाटेच्याच भाकऱ्यांतील एक गरम असताना कुस्करून, तीत गूळ व चमचाभर तेल घालून मलिदा करावा आणि निवल्यावर झाकणाच्या डब्यात वेगळा बांधावा. चूल दुसऱ्यांदा पेटवावी लागत नाही, आणि मोळ्या बांधता बांधता दर दोन-तीन तासांनी त्याला घास भरविता येतो.