निळी टोपी

आमच्या कोल्हापुरात कोळशाची खाण नाही, पण माझं बालपण कोळशाच्या काळ्या धुळीतच गेलं. वडील शिवाजी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत क्युपोला भट्टीवर कामाला होते. भट्टीचा हार्ड कोक झरियाकडून यायचा. एकदा भट्टी भरताना एक कामगार ग्यास लागून कोसळला. उघड्यावर आणून झोपवला तेव्हा शुद्धीवर आला. "ह्या ग्यासला वासच नाही, माणसाला कळावं कसं?" वडील त्या रात्री आईला म्हणाले. पुढे काही वर्षांनी पितळेच्या भंगारात एक दिवा आला. भट्टीत जायच्या आत वडिलांनी वजनाचे पैसे भरून तो घरी आणला. खाणीतला सेफ्टी लॅम्प! आज तो माझ्या टेबलावर आहे.

खाली तेलाची टाकी, वर जाड काच, काचेवर तारेच्या बारीक जाळ्या आणि बुडाला कुलूप. 1812 साली इंग्लंडमधल्या फेलिंगच्या खाणीत स्फोट होऊन 92 जण गेले. हम्फ्री डेव्हीने 1815 मध्ये दिवा केला तो त्यानंतर. जाळीच्या तारा ज्योतीची उष्णता ओढून घेतात, त्यामुळे आतली आग बाहेरच्या वायूपर्यंत पोचत नाही. मला वेड लावलं ते त्याच्या दुसऱ्या गुणाने. वात अगदी बारीक केली की हवेतला मिथेन ज्योतीवर पुसट निळी टोपी चढवतो. मिथेन वाढला की टोपी उंच होते. प्राणवायू कमी पडला तर ज्योत विझते. भट्टीतला ग्यास वेगळा, तरी वास नसलेला एक वायू डोळ्यांना दिसतो; वडिलांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं काचेआड सापडलं.

पण दिवा आल्यावर इंग्लंडातले स्फोट थांबले नाहीत. पूर्वी सोडून दिलेल्या वायूच्या थरांत मालकांनी दिव्याच्या भरवशावर माणसं उतरवली. जाळी गंजली, फाटली तरी दिवे वापरात राहिले. सुरक्षेचं साधन आलं आणि जोखीम वाढली. खाणीच्या कुठल्याही धोरणाकडे मी तेव्हापासून ह्या नजरेने पाहतो.

आपल्याकडचा इतिहास थोडक्यात सांगतो. खाण कायदा प्रथम 1901 चा, पुढे 1952 चा. कोळसा खाण विनियम 1957 चे, नवे 2017 चे. देखरेख धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची. 1972-73 मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण. मधे स्फोट होतच राहिले: 1936 ला पोईडीह (209 मृत्यू), 1958 ला चिनाकुरी, 1965 ला धोरी (268), आणि सगळे नियम असताना 2006 ला भाटडीह, पन्नास माणसं.

मिथेन हवेत साधारण 5 ते 15 टक्के असला तर स्फोट होतो. आपला नियम 1.25 टक्क्यालाच माणसं बाहेर काढायला सांगतो. इतकी राखीव जागा ठेवणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. मात्र हल्ली स्फोट कमी झाले त्याचं सारं श्रेय नियमांना देणं मला पटत नाही. देशातला बहुतेक कोळसा आता खुल्या खाणींतून निघतो, तिथे वायू कोंडतच नाही. नियमाची खरी परीक्षा भूमिगत खाणीतच होते.

म्हणून महाराष्ट्र एक्स्प्रेसने वर्धा आणि तिथून चंद्रपूर गाठलं. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) खाणींचा हा मुलूख. परवानगी काढून एका भूमिगत खाणीत उतरलो. तोंडाशी झडती झाली. काडीपेटी, बिडी, मोबाइल सगळं तिथेच ठेवलं. सोबतच्या मायनिंग सरदाराच्या कमरेला मिथेनोमीटर होता आणि हातात माझ्या टेबलावर आहे तसाच दिवा! पाळी सुरू होण्याच्या आधी, दोन तासांच्या आत, सरदाराने प्रत्येक कामाची जागा तपासायची, हा कायदा. वायू सापडला तर माणसं हटवायला त्याला कुणा साहेबाची परवानगी लागत नाही. साऱ्या विनियमांत मला हेच कलम सर्वांत मोलाचं वाटतं. फक्त उत्पादनाचा तगादा मागे असताना ते वापरणाऱ्या सरदाराच्या पाठीशी वरच्यांनी उभं राहायला हवं.

सरदाराने दिवा छताजवळ नेला, कारण मिथेन हलका, वरच साठतो. वात बारीक केली. आमच्या टोपीवरचे दिवे बंद करायला लावले. "पाहा जी, काही दिसते का?"

मी डोळे ताणून पाहिलं. पिवळा ठिपका, त्यावर काही नाही.

"मले बी नाही दिसत." तरी तो तसाच उभा राहिला, ज्योतीवरची नजर न काढता, मला फार लांब वाटावं इतका वेळ. मग खिशातून खडू काढला आणि फळीवर तारीख, वेळ लिहून आपली सही केली.