मोतीचा पाय का गेला?

आमच्या वस्तीत मोती नावाचा एक कुत्रा आहे. तो कोणा एकाचा नाही. सकाळची शिळी भाकरी एका घरची, रात्रीचा भात दुसऱ्या घरचा आणि राखण मात्र साऱ्या गल्लीची. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मोतीला ताप भरला. अन्नाला तोंड लावेना, पायरीखालून बाहेर येईना. जनावरांचा दवाखाना लांब. तिथे जायचे म्हणजे कामावर खाडा आणि खाडा म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. तेवढ्यात कोणीतरी म्हणाले, "अरे, माणसाला सुई मारतात, तशी कुत्र्याला मारायला काय लागतं?"

औषधाच्या दुकानात कामाला असलेल्या एका ओळखीच्या मुलाला बोलावून आणले. त्याने एक पैसा घेतला नाही. दोघांनी मोतीला दाबून धरले आणि त्या मुलाने मागच्या मांडीत सुई खुपसली. मोती असा किंचाळला की चाळीतली लेकरे दारात आली. दोन दिवसांत ताप उतरला. पण मोती त्या पायाचा पंजा उलटा दुमडून फरपटत चालू लागला. पंजाच्या वरच्या बाजूला घासून घासून जखम झाली. शेवटी एका रविवारी त्याला टेम्पोत घालून जनावरांच्या मोठ्या इस्पितळात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पाय तपासला, बोटे चिमटून पाहिली आणि विचारले, "याला मांडीत सुई कोणी दिली? सुई नसेत गेली आहे."

मोतीला बोलावणे धाडणाऱ्यांत आणि धरणाऱ्यांत आम्हीही होतो. म्हणून हा लेख लिहावासा वाटला. आज वस्तीवस्तीत, चाळीचाळीत कुत्री-मांजरे आपल्या घरची होऊन राहतात. ती आजारी पडली म्हणजे सुई टोचली जाते. ती सुई कुठे टोचायची, याचे एक शास्त्र आहे. ते आपल्याला हाताने करायचे नाही, पण समजून मात्र घ्यायचे आहे.

भारी सुई कोणती?

आपल्या लोकांत एक समज पक्का बसला आहे. गोळी म्हणजे हलके औषध, सुई म्हणजे भारी औषध आणि सलाईन म्हणजे सर्वांत भारी. हाच समज घेऊन आपण जनावरांच्या दवाखान्यातही जातो. डॉक्टरांनी कुत्र्याच्या मानेवरची सैल कातडी चिमटीत उचलून सुई दिली की एखादी मावशी लगेच म्हणते, "डॉक्टरसाहेब, ही तर वरच्यावरच दिली हो! जरा खोल द्या, शिरेतली द्या."

सुई जितकी खोल तितकी ती गुणकारी, हे खरे नाही. आपल्याच माहितीतले उदाहरण घ्या. कुत्रा चावला की पूर्वी माणसाला पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या त्या लसीचे उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाले. आता अनेक सरकारी दवाखान्यांत नवी लस दंडाच्या कातडीतच टोचतात. दोन्ही दंडांवर फक्त ०.१ मिलिलिटर. पहिली सुई दिली तो दिवस शून्य धरून पुढे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा. जागेवर मटारच्या दाण्यापेक्षा लहान फोड येतो आणि आपल्याला वाटते, एवढ्याने काय होणार? पण शरीराचे पहारेकरी असलेल्या पेशी कातडीत दाटीने बसलेल्या असतात. म्हणून तिथे थोड्या लसीत काम भागते. हीच लस कुल्ल्यावर मात्र देत नाहीत, कारण तिथल्या चरबीत ती नीट शोषली जात नाही. लस तीच, परंतु जागा बदलली की मात्रा बदलते आणि गुणही बदलतो.

कुत्र्या-मांजरांचेही तसेच आहे. पशुवैद्य जागा ठरवतात ती तीन गोष्टी पाहून. औषध कसले आहे? जनावराची अवस्था काय आहे? आणि गुण किती लवकर यायला हवा?

कातडीखाली

कुत्र्या-मांजरांची मानेमागची आणि खांद्यावरची कातडी सैल असते. ती उचलली की खाली पोकळी तयार होते. तिथे दिलेले औषध हळूहळू रक्तात उतरते. दुखतेही कमी. पिल्लांच्या बहुतेक लसी आणि मधुमेहाचे इन्सुलिन इथेच देतात. पिसाळण्याची लस काही कंपन्यांची कातडीखाली, काहींची स्नायूतही चालते. ते बाटलीसोबतच्या कागदावर छापलेले असते आणि डॉक्टर त्याप्रमाणेच देतात.

सलाईनसुद्धा कातडीखाली देता येते. म्हाताऱ्या मांजराची किडनी थकली की तीन-चार किलोच्या मांजराला शंभरेक मिलिलिटर सलाईन अशा रीतीने देतात. त्या वेळी पाठीवर उंटासारखे मदार येते आणि घरचे घाबरतात. काही तासांत ते पाणी शरीरात जिरते. कधी कधी ओघळून पुढच्या पायाशी येते. त्यात भिण्यासारखे काही नाही. मात्र ग्लुकोजची बाटली कातडीखाली द्यायची नसते, ती शरीरातले पाणी उलट त्या जागी ओढून घेते.

या जागेला एक मर्यादा आहे आणि इथेच अनेक पिल्ले दगावतात. पार्व्हो नावाचा रोग १९७८ च्या सुमारास जगात प्रथम ओळखला गेला. पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब होतात, अंगातले पाणी झपाट्याने जाते. अशा वेळी शरीर आपले उरलेसुरले रक्त हृदयाकडे आणि मेंदूकडे वळवते, कातडीच्या वाहिन्या आकसून जातात. मग कातडीखाली दिलेले पाणी तिथेच पडून राहते. वर फुगवटा दिसतो आणि आत पिल्लू कोरडे पडते. त्याला शिरेतूनच पाणी लागते. अगदी लहान पिल्लाची शीर सापडली नाही, तर जाणते डॉक्टर मांडीच्या हाडाच्या पोकळीत सुई घालून सलाईन देतात. हाडातला मगज रक्ताशी जोडलेला असतो, त्यामुळे पाणी थेट रक्तात जाते. ऐकून अंगावर काटा येतो, पण अशाने पिल्ले वाचतात.

मांसात

स्नायूला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो, म्हणून तिथले औषध कातडीखालच्यापेक्षा सहसा लवकर चढते. दुखते मात्र जास्त. गोचीडतापाच्या एका प्रकारावरचे औषध खोल स्नायूतच देतात. प्रोकेन पेनिसिलीन हे दुधासारखे पांढरे औषधही स्नायूत द्यायचे असते. त्यात न विरघळलेले बारीक कण असतात. ते चुकून शिरेत गेले तर जनावराला झटके येऊ शकतात, प्राणही जाऊ शकतो. म्हणून सुई टोचल्यावर डॉक्टर आधी दट्ट्या थोडा मागे ओढून पाहतात. रक्त आले तर सुई काढून जागा बदलतात.

आता मोतीच्या पायाकडे येऊ. कंबरेत कळ येऊन पायात उतरली की आपण 'सायटिका' म्हणतो. तीच जाड नस कुत्र्या-मांजरांच्या मांडीच्या मागल्या भागातून खाली जाते. धष्टपुष्ट माणसाच्या कुल्ल्यात मांस पुष्कळ. वस्तीतल्या हडकुळ्या कुत्र्याच्या मांडीत ते किती असणार? त्यात जनावर धडपडते. सुई नसेला लागली किंवा झोंबणारे औषध नसेभोवती सांडले, की पंजा उलटा पडतो. काहींना काही आठवड्यांत, महिन्यांत सुधारणा होते. काहींना कधीच होत नाही.

म्हणून अनेक पशुवैद्य मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू किंवा कंबरेवर मणक्याच्या दोन्ही बाजूंना असलेला जाड स्नायू पसंत करतात. मांडीच्या मागे द्यायचीच झाली तर सुईचे टोक मागच्या दिशेला, नसेपासून दूर ठेवतात. औषधाचे मापही पाहतात. मांजराच्या स्नायूत एका जागी एक-दोन मिलिलिटरपेक्षा जास्त मावत नाही. औषधाच्या दुकानातल्या त्या मुलाला हे कोणी शिकवले होते? त्याचा हात माणसाच्या मापाला सरावलेला होता.

शिरेत

कुत्र्याच्या पुढच्या पायावर समोरच्या बाजूने एक शीर जाते. तिथले केस भादरून, वर दाब देऊन डॉक्टर सुई घालतात. इथे औषध तत्क्षणी रक्तात मिसळते. कुत्र्याला अपस्माराचे झटके थांबत नसतील तर औषध शिरेतच लागते. शीर मिळाली नाही तर तेच औषध गुदद्वारातून देतात, पण मांसात देत नाहीत, कारण तिथून ते नीट शोषले जात नाही.

भटक्या कुत्र्यांत नर-मादीच्या संबंधातून पसरणारी एक गाठ असते. लघवीच्या जागेतून थेंब थेंब रक्त गळते. लोक त्या जनावराला दगड मारून हाकलतात. खरे तर व्हिन्क्रिस्टीन नावाच्या औषधाने बहुतेक कुत्री बरी होतात. आठवड्यातून एकदा, असे काही आठवडे ते द्यावे लागते आणि फक्त शिरेतच द्यावे लागते. त्याचा थोडा भागही शिरेबाहेर सांडला तर तिथली कातडी आणि मांस झडते.

शिरेत दिलेले परत घेता येत नाही, हेही लक्षात ठेवा. व्यायलेली कुत्री पिल्लांना पाजता पाजता अंगातले कॅल्शियम कमी होऊन थरथरू लागते, ताठरते. तिला शिरेतून कॅल्शियम देतात. पण छातीवर नळी लावून, ठोके ऐकत, अगदी सावकाश. घाईने दिले तर हृदयच थांबू शकते. जे औषध हळू दिले तर आईला उठवून बसवते, तेच भरकन दिले तर पिल्ले पोरकी करते. "शिरेतली द्या" असा आग्रह धरणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मांजराचे वेगळे

मांजर म्हणजे छोटा कुत्रा नव्हे. अमेरिकेत १९९१ साली डॉक्टरांच्या लक्षात आले की काही मांजरांना लस टोचलेल्या जागीच कॅन्सरची गाठ होते. हे फार क्वचित, हजारो मांजरांत एखाद्याला होते. त्या भीतीने लस टाळणे हा शहाणपणा नाही. पण तेव्हापासून अनेक डॉक्टर मांजराला दोन खांद्यांच्या मध्ये लस न देता पायावर खालच्या बाजूला देतात. गाठ झालीच, तर पाय काढून जीव वाचवता येतो, पाठ काढता येत नाही. लस टोचल्यावर लहान गाठ येऊन विरणे नेहमीचे आहे. ती तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली किंवा महिना उलटल्यावरही वाढत असली, तर मात्र डॉक्टरांना दाखवावी. आणि घरातले पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नये, गोळीही नाही आणि सुईही नाही. ते मांजराला विष आहे.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, सुई शिकलेल्याच हातून. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ सालचा आहे. नोंदणी झालेल्या पशुवैद्यानेच उपचार करावेत आणि किरकोळ सेवाही त्यांच्या देखरेखीखाली व्हाव्यात, असे तो सांगतो. मुंबईत परळचे बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, आपल्या जुन्या गिरणगावच्या लोकांना ठाऊक आहेच. गावाकडे तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. एकट्याला खाडा परवडत नसेल तर गल्लीने पाळी लावावी. टेम्पोचे भाडे वाटून घेतले तर कोणालाच जड जात नाही.

दुसरी गोष्ट, विचारायला लाजू नका. "औषध कोणते? कुठे देता आहात आणि का? घरी गेल्यावर काय पाहायचे?" हे विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. उत्तर मिळाले की कागदावर लिहून घ्या. घरातल्या शाळकरी मुलीकडे ते काम द्या, ती नीट लिहील.

तिसरी गोष्ट, जनावर नीट धरा. जागा कितीही योग्य असली तरी जनावर हिसडले की सुई भलतीकडे जाते. मांजराला जाड टॉवेलमध्ये गुंडाळावे. कुत्रा चावरा असेल तर सुती पट्टीने तोंड बांधावे, पण उलट्या होत असतील किंवा धाप लागली असेल तर बांधू नये. लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्याच्या आवारातच थांबावे. तोंड सुजले, उलटी झाली, जनावर कोसळले, तर उपचार तिथेच होतो.

आणि धरताना दात लागला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

मोती आता तीन पायांवर चालतो. चौथा पाय उचलून धरायला तो शिकला आहे. तो मुलगा आजही येता-जाता त्याच्यासाठी खिशातून बिस्किट काढतो आणि मोतीही शेपूट हलवत त्याच्याकडे जातो. त्याचा राग मुक्या जीवाला नाही, आम्हालाही नाही. माहिती नव्हती, ती त्यालाही नव्हती आणि धरणाऱ्या आम्हालाही नव्हती. परवा शेजारच्या गल्लीतले एक पिल्लू उलट्या करू लागले, तेव्हा कोणीतरी पुन्हा त्याच मुलाला हाक मारली. तो आला, पिल्लाकडे पाहिले आणि म्हणाला, "मी नाही टोचणार. चला, रिक्षा आणतो."