इंजिन उतरवल्यानंतर: घरगुती गॅरेजातील विद्युत मोटारींची विद्या

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीचे इंजिन उतरवून तिच्यात विद्युत मोटर बसवण्याची विद्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रामुख्याने अमेरिकेतील घरगुती गॅरेजांत वाढली आणि कॅलिफोर्निया हे राज्य दीर्घकाळ तिचे केंद्र राहिले. १९६७ मध्ये वॉल्टर लास्की यांनी सॅन होजे येथे ‘इलेक्ट्रिक ऑटो असोसिएशन’ ही संघटना स्थापन केली. १९७३ च्या अरब तेलबंदीमुळे पेट्रोल पंपांसमोर रांगा लागल्यावर या कामाकडे अधिक लोक वळले. आणि १९९३ मध्ये मायकेल ब्राउन व शारी प्रेंज यांचे ‘कन्व्हर्ट इट’ हे पुस्तक आले, तोवर ही कार्यपद्धती पायरीपायरीने लिहून काढता येण्याइतकी स्थिरावली होती. मोठ्या कंपन्यांचे धोरण मात्र या काळात डळमळीत होते. जनरल मोटर्सने १९९६ मध्ये आणलेली ‘ईव्ही-१’ ही विद्युत गाडी केवळ भाडेपट्ट्यावर दिली आणि पुढे त्या गाड्या परत घेऊन बहुतेक मोडीत काढल्या, त्यामुळे विजेवर चालणारी गाडी स्वतःच्या मालकीची हवी असणाऱ्याला ती स्वतः बनवणे हाच भरवशाचा मार्ग उरला. टेस्ला कंपनीच्या संस्थापकांत ज्यांची गणना होते त्या जे. बी. स्ट्रॉबेल यांनीही टेस्लापूर्वी जुनी पोर्शे ९४४ स्वतः विजेवर आणली होती, एवढे सांगितले तरी या छंदाचे मोल कळते.

या कामाचे वर्णन करताना लक्ष साहजिकच मोटर आणि बॅटरी यांच्याकडे जाते. पण कारागिराचा खरा कस लागतो तो इंजिन चाके फिरवण्याखेरीज जी अनेक कामे गुपचूप करत असते त्यांची जागा भरून काढताना. इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर आणि पेट्रोलची टाकी निघाल्यावर उरलेला सांगाडा सुस्थितीत असला, तर गिअरबॉक्स आणि बहुधा क्लचही तसाच ठेवला जातो, कारण जुन्या पद्धतीच्या रूपांतरात मोटरची शक्ती मूळ गिअरबॉक्समधूनच चाकांपर्यंत पोहोचवली जाते. अडचण अशी की मोटर बनवणाऱ्याने ती त्या गिअरबॉक्ससाठी बनवलेली नसते. दोहोंमध्ये ॲल्युमिनियमची जाड पट्टी घालावी लागते, जिला अडॅप्टर प्लेट म्हणतात, आणि मोटरच्या दांड्यावर असा हब बसवावा लागतो ज्यावर मूळ फ्लायव्हील आवळता येईल.

या एका पट्टीवर संपूर्ण गाडीचे यश अवलंबून असते. गिअरबॉक्सच्या तोंडावरील बोल्टांच्या आणि डॉवेल पिनांच्या, म्हणजे दोन भाग नेमके एका जागी बसवणाऱ्या खुंट्यांच्या, जागा अचूक उतरवून घ्याव्या लागतात. मोटरचा दांडा आणि गिअरबॉक्सचा दांडा एका सरळ रेषेत आहेत की नाही हे डायल गेज लावून तपासावे लागते, आणि तेथे फरक चालतो तो मिलिमीटरच्या काही शतांशांइतकाच. शिवाय इंजिन असताना फ्लायव्हीलचा पृष्ठभाग गिअरबॉक्सच्या तोंडापासून जितक्या अंतरावर होता तितक्याच अंतरावर तो परत यावा लागतो. अंतर वाढले तर क्लच नीट सुटत नाही, कमी झाले तर तो नीट पकडत नाही किंवा गिअरबॉक्सच्या दांड्याचे टोक मोटरवर दाबले जाऊन बेअरिंग खराब होतात. म्हणूनच इंजिन उतरवण्यापूर्वी हे माप घेऊन ठेवणे ही या विद्येतील पहिली शिस्त आहे, आणि चांगला लेथ व तो चालवणारा कुशल टर्नर यांच्यावाचून हे काम पुढे सरकत नाही.

इंजिनाची इतर कामे लहान दिसतात, परंतु त्यांपैकी एक जिवाशी निगडित आहे. पेट्रोल इंजिन हवा आत ओढताना जी निर्वात स्थिती निर्माण करते तिच्यावरच ब्रेक बूस्टर चालतो. इंजिन गेले की ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक होते, म्हणून छोटा विद्युत पंप आणि निर्वात साठवणारी टाकी बसवावी लागते. थंड प्रदेशात इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणाऱ्या हीटरच्या जागी सिरॅमिक तापक येतो. दिवे, हॉर्न आणि वायपर यांना लागणारा १२ व्होल्टचा प्रवाह पूर्वी अल्टरनेटर देत असे, तो आता मुख्य बॅटरीचा विद्युतदाब उतरवणाऱ्या परिवर्तकातून घ्यावा लागतो.

मोटर म्हणून अनेक वर्षे सिरीज डीसी मोटर वापरली गेली, म्हणजे जिच्यात फिरत्या भागाच्या आणि स्थिर भागाच्या गुंडाळ्यांतून एकच प्रवाह एकापाठोपाठ वाहतो. ती गोदामांतील फोर्कलिफ्टमध्ये आढळते, दणकट असते आणि उभ्या जागेवरूनच जबर पीळ देते. तिचा दोष गंभीर आहे: भार नसताना तिला पूर्ण दाब मिळाला तर तिचा वेग आवाक्याबाहेर जाऊन ती फुटू शकते, त्यामुळे क्लच दाबलेला असताना ॲक्सिलरेटरवर पाय ठेवण्याची पेट्रोल गाडीतील सवय येथे महागात पडते. तिला मिळणारा प्रवाह कंट्रोलर ठरवतो, जो बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून त्याची सरासरी हवी तितकी राखतो.

बॅटरीच्या बाबतीत मात्र कौशल्यापेक्षा हिशेब मोठा ठरतो. गोल्फच्या मैदानावरील गाड्यांसाठी बनलेली ६ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी सुमारे २८ किलो वजनाची असते आणि २० तासांच्या संथ वापरात सुमारे २२५ अँपिअर-तास देते. अशा २० बॅटऱ्या जोडल्या की १२० व्होल्ट, ५६० किलो वजन आणि कागदोपत्री २७ किलोवॉट-तास ऊर्जा हाती येते. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये ९ किलोवॉट-तासांहून किंचित अधिक उष्णता असल्याने अर्ध्या टनाहून जड असा हा संच सुमारे तीन लिटर पेट्रोलची बरोबरी करतो. त्यातही जर्मन शास्त्रज्ञ पोयकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार प्रवाह जितका जोरात उपसावा तितकी अशा बॅटरीची उपयुक्त क्षमता घटते. इंजिन इंधनातील बहुतांश उष्णता वाया घालवते आणि मोटर फारच थोडी, म्हणूनच एवढ्या तुटपुंज्या साठ्यावरही ६० ते ९० किलोमीटरचा पल्ला साधत असे. कामावर जाऊन परत येण्यास तो पुरे, असे या लोकांनी ठरवले आणि गाडी त्या मापात बसवली. रोजच्या गरजेचा हा प्रामाणिक अंदाज त्यांच्या कामातील सर्वांत आदरणीय गोष्ट आहे. वजनामुळे स्प्रिंगा बदलाव्या लागत, बॅटऱ्या पुढे-मागे विभागून पोलादी चौकटीत जखडाव्या लागत आणि चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन पंख्याने बाहेर काढावा लागे.

२०१० च्या अखेरीस निसान लीफ ही विद्युत गाडी बाजारात आली आणि काही वर्षांत अपघातग्रस्त लीफचे भाग भंगारात मिळू लागले, तेव्हा हा हिशेब पालटला. तिच्या २४ किलोवॉट-तासांच्या संचात ४८ मॉड्यूल असतात व प्रत्येकाचे वजन चार किलोहून थोडे कमी, म्हणजे जवळपास तेवढीच ऊर्जा एक-तृतीयांश वजनात मिळते आणि प्रत्यक्षात तिचा बराच मोठा भाग वापरताही येतो. त्याबरोबर नवी जबाबदारी आली. लिथियमचा प्रत्येक सेल ठरावीक दाबाच्या वर वा खाली गेल्यास बिघडतो आणि पेटूही शकतो, त्यामुळे प्रत्येक सेलवर नजर ठेवणारी यंत्रणा अनिवार्य ठरते. तीनशे-साडेतीनशे व्होल्टचा एकदिश प्रवाह तोडताना उठणारी ठिणगी घरच्या प्रत्यावर्ती प्रवाहाप्रमाणे आपोआप विझत नाही, म्हणून चुंबकाने ठिणगी ताणून तोडणारे कॉन्टॅक्टर आणि एकदिश प्रवाहासाठीच बनलेले फ्यूज लागतात. या धोक्याची जाण नसलेल्याने या कामाला हात घालू नये.

भारतात वैयक्तिक कारागिराची वाट कायद्यापाशी अडते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील असा मूलभूत बदल मनमानीपणे करता येत नाही. रूपांतराच्या किटला पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता लागते, ते अधिकृत जोडणीकाराने बसवावे लागते आणि त्यानंतर आरसी बुकात इंधनाची नोंद बदलते. ही सावधगिरी रास्त आहे, पण ती किट बनवणाऱ्या कंपनीला समोर ठेवून आखलेली असल्याने कोल्हापूर किंवा पुणे येथील कुशल फिटरने स्वतः घडवलेली एकच गाडी तिच्यात बसत नाही. ब्रिटनमध्ये एकेका वाहनाची स्वतंत्र तपासणी करून त्याला मान्यता देण्याची पद्धत आहे आणि तिचा विचार येथे व्हायला हवा. मोटरचे माउंटिंग, बॅटरीच्या पेट्यांची जखडण, प्रत्येक आसावर येणारे वजन, ब्रेकचा निर्वात दाब, अपघातात प्रवाह तोडणारा स्विच आणि उच्च दाबाच्या तारांचे गाडीच्या धातूपासूनचे विलगीकरण यांपैकी प्रत्येक बाब गाडी लिफ्टवर चढवून पाहता आणि उपकरण लावून मोजता येते.