चार हात लागले की…

कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ साली सुरू झाला आणि पुढचा मार्ग तयार होईपर्यंत काही काळ गाडी वीरलाच संपायची. मुंबईहून आलेली महाड-पोलादपूरकडची माणसं इथे उतरायची. त्यांच्या सामानात हमखास एक गाठोडं असायचं, वर्षभर साठवलेल्या जुन्या लुगड्यांचं, साड्यांचं, धोतरांचं. घरातल्या बाया मिठाईच्या पुड्याआधी त्या गाठोड्याची गाठ सोडायच्या. त्या गाठोड्याच्या जिवावर आमच्या भागातल्या घरांनी एकमेकांना जे दिलं-घेतलं, त्याचा हा मागोवा.

रेल्वे येण्याआधी हीच गाठोडी एसटीच्या टपावरून यायची. लालबाग-परळच्या गिरणीत कोणी ना कोणी नाही अशी वाडी महाड-पोलादपुरात विरळाच. गाववाल्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत ही माणसं पाळीपाळीने झोपायची. घर दोन ठिकाणी वाटलेलं. कमावता मुंबईत, शेती, गुरं आणि म्हातारी माणसं गावात. मुंबईहून मनिऑर्डर यायची आणि गावाहून परतताना चाकरमान्याच्या काखेत तांदळाच्या पिशवीबरोबर गोधडी असायची. खोलीतल्या फरशीवर तीच अंथरूण, तीच पांघरूण.

भाताची झोडणी उरकली, राब भाजून झाले की मृग लागेपर्यंत ऊन मोकळं असतं. गोधड्यांचा हंगाम तोच. मे महिन्यात मुंबईच्या जावा-नणंदा पोरांना घेऊन आलेल्या असायच्या, त्यामुळे हातांना तोटा नसायचा. सारवलेल्या ओटीवर एक धड लुगडं अंथरायचं आणि कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, पाण्याने भरलेले तांबे ठेवून ताणायचं. त्यावर विरलेल्या कपड्यांची भर. भर घालणं सगळ्यांत जोखमीचं, म्हणून ते आजीकडे. कुठे उंचवटा नको, कुठे पोकळ नको. ती कापडावरून सावकाश तळवा फिरवायची, मध्येच थांबायची आणि नेमक्या तिथे बोटभर चिंधी सरकवायची. तिचं समाधान झालं की वर रंगीत साडी पडायची. मग चौघी चार बाजूंना बसून धावदोरा घालत कडेकडून आत सरकायच्या. एकटीने घेतली तर मोठी गोधडी लवकर हातावेगळी होत नाही आणि कापड एका अंगाला ओढलं जातं. चौघी बसल्या की ताण सारखा राहतो.

पोरांकडे सुईत दोरा ओवून द्यायचं काम. ओवता ओवता आम्ही सगळं ऐकायचो. कोणाचं स्थळ आलंय, कोणाच्या नवऱ्याची पाळी बदललीय, कोणत्या बांधावरून भांडण पेटलंय. दोन जावांमध्ये अबोला असला, तरी समोरासमोर बसल्यावर एकीला दुसरीकडे कात्री मागावीच लागायची. असे कितीतरी अबोले मी त्या ओटीवर सुटताना पाहिले आहेत. गोधडी पुरी झाल्यावर कोणी कुठे शिवलंय ते सांगावं लागत नसे. आत्याचा टाका बारीक, तांदळाएवढा. काकीचा लांब आणि घाईचा. आज दोघीही नाहीत, पण पांघरुणावर बोट ठेवून आम्ही अजून सांगतो, ही आत्या, ही काकी.

बाळाचं दुपटं मात्र आजीच्या अंगावर विरलेल्या सुती लुगड्याचंच. नवं कापड तान्ह्याला टोचतं हे एक, आणि जुन्या माणसाचं वस्त्र अंगाला लागावं ही भावना दुसरी. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीसोबत दुपटं, कुंची, झबलं जायचं. त्यातलं काहीच दुकानातलं नसायचं.

या सगळ्याला खर्च म्हणावा तो दोऱ्याचा. पण ‘गरिबी होती म्हणून करत होते’ असं जेव्हा कोणी म्हणतं, तेव्हा मला ते पटत नाही. नुसती पैशाची बचत करायची असती, तर एकेकीने आपापल्या घरी बसून ठिगळं जोडली असती. चार हात लागल्याशिवाय नीट होत नाही अशी वस्तू या बायकांनी निवडली आणि पिढ्यान् पिढ्या निवडतच राहिल्या. मला त्यात त्यांची हुशारी दिसते.

याचा कस लागला तो १९८२ साली. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यांतले अनेकजण मुंबईत परवडेना म्हणून गावी परतले. मनिऑर्डरी थांबल्या, गाठोडीही थांबली. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे नवी भर नव्हतीच. जुनी गोधडीच पोटात घालून तिच्यावर उरलंसुरलं कापड चढवलं. जन्मभर सूत हाताळलेले पुरुष ओटीच्या कडेला बसून कोणतं कापड आटेल, कोणतं टिकेल ते सांगत होते. घरात माणसं भरपूर होती आणि हाताला काम नव्हतं. आमच्या घरातली सर्वांत जाड, जड गोधडी त्या वर्षीची आहे.

पुढे साड्याच बदलल्या. नायलॉन, पॉलिस्टर आलं. ते सुईखाली सरकतं, घाम टिपत नाही. पण रंग जात नाही, म्हणून बायकांनी ते वरच्या अंगाला घेतलं आणि आत सुती परकर, चादरी, शाळेचे गणवेश घातले. त्याच सुमारास बाजारात ब्लँकेटं स्वस्त झाली. रेल्वेने येणारी पाहुणीही आता चार दिवसांतच परतू लागली. मला विचाराल तर गोधडी मागे पडली ती ब्लँकेटापेक्षा या घाईमुळे.

घरच्यांनी एकत्र बसून करायची वस्तू गोधडी एकटीच नव्हती. दिवाळीच्या कंदिलाची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेक घरांत सारखीच आहे. बांबूच्या कामट्या तासायच्या, सांगाडा बांधायचा, पतंगी कागद चिकटवायला खळ शिजवायची, खाली झिरमिळ्या सोडायच्या. पोरांना सोबत घेऊन बाप एरवी क्वचितच बसायचा, कंदिलाला बसायचा. गणपतीच्या मखराचंही तेच होतं. मग थर्माकोल आला आणि मखर तयार मिळू लागलं. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकसोबत थर्माकोलवरही बंदी आली, तेव्हा कुरकुर झाली खरी, पण पुठ्ठा, बांबू आणि जुन्या साड्या पुन्हा बाहेर निघाल्या. २०२० च्या गणपतीला तर करोनामुळे चाकरमान्यांना आधी विलगीकरणात राहावं लागलं, म्हणून ते लवकर आले आणि दीर्घकाळ राहिले. जूनमधल्या निसर्ग वादळाने रायगडातली असंख्य घरं उघडी केली होती. तशाही स्थितीत त्या वर्षी कितीतरी मखरं घरीच झाली.

पुढच्याच वर्षी, २०२१ च्या जुलैअखेरीस महापूर आला. महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. महाड शहर पाण्यात गेलं. पाणी ओसरल्यावर रस्त्यांवर चिखलाने माखलेल्या गाद्यांचे ढीग होते; कापसाची गादी एकदा पुराच्या गाळात भिजली की टाकूनच द्यावी लागते. गोधडीचं तसं नाही. ती आपटून धुता येते, उन्हात कडक वाळते. पुरातून वाचलेल्या गोधड्या पुन्हा वापरात आलेल्या मी पाहिल्या आहेत.

अशा गोधड्या दूरदेशीही होतात. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या बायकांनी शेतातल्या फाटक्या कपड्यांच्या शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि समीक्षकांनी त्यांची वाखाणणी केली. आपल्याकडेही आता बचत गटांच्या प्रदर्शनांत गोधडीला चांगला भाव मिळतो. शिवणाऱ्या हातांना मोबदला मिळतो याचा मला मनापासून आनंद आहे. पण विकत घेणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की जमेल तेव्हा आपल्या घरातली साडी घेऊन जा, आणि निदान एका कडेचा दोरा स्वतः घाला.

आमच्याकडे यंदा मे महिन्यात भाचीच्या बाळासाठी दुपटं करायचं आहे. सुती लुगडं आता घरात कोणाकडेच उरलेलं नाही. पुण्याच्या मावशीकडे एक जुनं इरकल आहे, ते कुरियरने पाठवते म्हणाली. तिला सांगितलंय, पाठवू नकोस, घेऊन ये, आणि तुझा चष्माही आण.