असं का? : कोथिंबीर फुलते, कोरफड टिकते

मे महिन्यात पारोळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. कुंडीतले धने उगवतात, पण जुडीभर पानं मिळण्याआधीच दांडा वर येतो आणि फुलं धरतात. तापमान आणि लांबलेला दिवस यांवरून रोप ओळखतं की हंगाम संपत आला. मग ते पानं सोडून बियांच्या मागे लागतं. खत वाढवून हे थांबत नाही.

शेजारची कोरफड मात्र तशीच टवटवीत. पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून झाड हवा घेतं, पण त्याच वाटेनं पाणीही उडून जातं. म्हणून कोरफड ही छिद्रं मुख्यतः रात्री उघडते. तेव्हा घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा दारं मिटून त्याचं अन्न करते. नळाला पहाटेच पाणी येणारं घर जसं दिवसाची बेगमी आधीच करून ठेवतं, तसंच हे. (गर खाण्याआधी सालीखालचा पिवळा चीक नीट धुऊन काढा, तो जुलाब लावतो.)

भज्यांचा पानओवा मला सगळ्यात आवडतो. त्याची जाड पानं पाणी धरतात. तो तुळशीच्या कुळातला, तर मसाल्याचा ओवा धन्याच्या कुळातला. तरी वास सारखा, कारण दोघांतली सुगंधी द्रव्यं जवळची आहेत.

गवती चहाला ऊन मानवतं, फक्त पाणी हवं. कोथिंबीर दिवाळीच्या सुमारास पेरा. धने हलकेच रगडून दोन फाका करा, प्रत्येकीत एक बी असतं.